आधी आठवं, मग सातवं

परवा पुतण्यानं मोबाइलवर तो सिनेमा शोधून दिला. म्हणाला, काका, घ्या तुमची ती लढाई. मी चष्मा पुसून खिडकीशी बसलो आणि शेवटपर्यंत जागचा हललो नाही. संपल्यावर त्याला सांगितलं की हा खोटा आहे. तो म्हणाला, नावं वाचा, तोच आहे. नावं गेली खड्ड्यात, म्हटलं, ह्यात मेलेला माणूस परत येत नाही.

औरंगाबादेत माझ्या वयाच्या कुणालाही विचारा. ज्यानं म्हणून तो सिनेमा आमच्या थेटरात रविवारच्या सकाळच्या खेळाला पाहिला, तो छातीवर हात ठेवून सांगेल. नदी ओलांडताना दोर तुटतो, तो सावळा शिपाई पाण्यात पडतो, वाहून जातो. आणि पुढच्याच प्रसंगात तो पडक्या मठात शेकोटीजवळ बसून निवांत संत्रं सोलत असतो. अंगावरचे कपडे कोरडे. बाकीचे सहा जण त्याच्याशी नेहमीसारखे वागतात, एकजणही विचारत नाही की बाबा, तू आलास कुठून. त्यानंतर तो पुन्हा दिसत नाही. कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणायचे, ही दिग्दर्शकाची ढोबळ चूक आहे. औरंगपुऱ्यातला पानवाला म्हणायचा, पोहत आला असंल, इंग्रजीत सांगितलं असंल, आपल्याला काय कळतंय. हा खुलासा सगळ्यांना पटायचा, कारण इंग्रजी कुणालाच येत नव्हतं.

ती चूक गावात पहिल्यांदा मी पकडली, असं मी सांगत फिरायचो. त्या थेटरात मी असिस्टंट ऑपरेटर होतो, म्हणजे माझा शब्द शेवटचा. चहाच्या टपरीवर कॉलर ताठ करून बसायचो आणि सिनेमातल्या चुका सांगायचो. दोनदा मॅट्रिक नापास झालेल्या माणसाला दुसऱ्याची चूक सापडली की किती आनंद होतो, ते मलाच ठाऊक.

माझ्या वरचे ऑपरेटर म्हणजे उस्ताद. माणूस आपल्या चितेगावाकडच्या शिवारातला, भाकर-ठेचा खाणारा. पण मशीन शिकले ते निजामाच्या काळात एका जुन्या मुसलमान ऑपरेटरच्या हाताखाली. तो गेल्यावर त्याची फिल्म कापायची कात्री आणि त्याचं ‘उस्ताद’ हे नाव, दोन्ही ह्यांच्याकडं आली. पोलीस अॅक्शननंतर थेटराचा मालक बदलला, दर्शनी भिंतीवरची निजामाची तसबीर उतरली, तिथं नुसता खिळा राहिला. मशिनी त्याच राहिल्या आणि उस्तादही तेच राहिले. मशिनी दोन होत्या. उजवीकडची थोरली, डावीकडची धाकटी, एकीवरचं रीळ संपायला आलं की दुसरी चालू करायची. धाकटी कुरकुरायला लागली की उस्ताद तिला समजावून सांगायचे, आणि ती ऐकायची. ह्यात माझं काहीही वाढवलेलं नाही.

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसलो तर संध्याकाळ होईल. खिशात कायम मशिनीत उजेडासाठी जाळलेल्या कार्बनच्या उरलेल्या कांड्या, त्यानंच भिंतीवर लिहायचे. बाहेर उन्हात काळा चष्मा, कारण मशिनीतला उजेड बघून बघून डोळ्यांना दिवस सोसायचा नाही. तीस वर्षं सिनेमे दाखवले, पण हॉलमधल्या खुर्चीवर एकदाही बसले नाहीत. सगळे सिनेमे केबिनच्या वीतभर झरोक्यातून पाहिलेले. छावणीकडं घरी जाताना खाम नदीचा पूल लागायचा. पुलावर आले की चपला काढून हातात घ्यायचे आणि हलक्या पायानं पलीकडं जायचे. नदीला उन्हाळ्यात गुडघाभरसुद्धा पाणी नसायचं. मी एकदा हसून विचारलं, उस्ताद, हे काय? तर म्हणाले, पुलावर पायाचा आवाज करू नाय, खाली कुणी निजलेलं असतंय. मी पुलावरून वाकून बघितलं. खाली दोन म्हशी होत्या. तरी दुसऱ्या दिवशी मीही चपला काढल्या, का ते विचारू नका.

तो लढाईचा सिनेमा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दरसाल दिवाळीनंतर मालकाच्या मागं लागून ते तो मागवायला लावायचे. मालक कुरकुर करायचा, कोण बघतंय ते जुनं म्हणायचा, पण सकाळच्या खेळापुरतं मान्य करायचा. मग सिकंदराबादहून मीटरगेजच्या गाडीनं पेटी यायची आणि उस्ताद स्वतः स्टेशनवर घ्यायला जायचे. दुसऱ्या कुठल्या सिनेमाला हा मान नव्हता.

आणि सिनेमा तरी काय सांगू. सात शिपाई शत्रूच्या मुलखात शिरून दारूगोळ्याचं कोठार उडवायला निघतात, एवढीच गोष्ट. पण चुकांचं नुसतं आगर. मागचा डोंगर कापडावर रंगवलेला, वारा आला की डोंगर हलतो. वर चढताना खेचर काळं असतं, उतरताना त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका उगवतो. शत्रूचे शिपाई एकमेकांशी साहेबाच्या इंग्रजीत बोलतात. एकजण तर गोळी सुटायच्या आधीच मरून पडतो, बिचाऱ्याला घरी जायची घाई असावी. मी ही यादी उस्तादांना ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि माझ्या नजरेतून सुटलेल्या आणखी चार चुका सांगितल्या. मग म्हणाले, “डोंगर खोटा हाय, ते तर आंधळ्यालाबी दिसतंय. पण त्या सातांना भ्या वाटतंय ते खरं हाय. एकजण पुढं गेला की मागं वळून बघतोय, दुसरा आला का म्हणून. तेवढं बघायचं. बाकीचं पोटात घालायचं.”

तेव्हापासून मी तो सिनेमा तसा बघायला लागलो. खरंच, दर वेळी पुढचा मागं वळून बघतो. हलणारा डोंगर मग दिसेनासा व्हायचा, आणि आजही मला तो सिनेमा जगातला सर्वांत चांगला सिनेमा वाटतो.

सिनेमा बारा रिळांचा. सहाव्याला मध्यंतर. मध्यंतर झालं की उस्ताद मला खाली पाठवायचे. म्हणायचे, मी एकटा मशिनी सांभाळतो, तू हॉलमध्ये मागं उभा राहा. बायकांच्या जनान्यात शेवटून दुसऱ्या रांगेत कडेला एक बाई असंल, निळं नेसलेली. ती काय करती ते बघ आणि नववं रीळ लागलं की वर येऊन मला सांग. पहिल्या वर्षी मला वाटलं म्हातारपणी उस्तादांना चळ लागला. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं.

बाई असायची. चाळिशीतली, डोईवर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. सोबत कुणी नसायचं. दोर तुटला, तो सावळा शिपाई पाण्यात पडला की सगळा हॉल हळहळायचा, ती मात्र हलायची नाही. मग शेकोटी दिसायची. तो संत्रं सोलायला लागला की ही पिशवीतून मोसंबी काढायची आणि सोलायची. त्याच्याबरोबर, त्याच्याच गतीनं. त्यानं एक फोड तोंडात टाकली की ही एक टाकायची. अंधारात मोसंबीचा वास माझ्यापर्यंत यायचा. बाहेर सकाळचे अकरा वाजलेले, रस्त्यावर टांगे-सायकली चाललेल्या, आणि मी तिथं भिंतीला पाठ लावून उभा.

मी वर जाऊन सांगायचो, मोसंबी खाल्ली. उस्ताद मान हलवायचे आणि घाम पुसायचे. ह्यापलीकडं तीन वर्षं आमचं त्यावर बोलणं झालं नाही. झाडूवाला तेवढा सालीवरून शिव्या घालायचा.

चौथ्या वर्षी मी अर्ध्या जिन्यावरून परत फिरलो, टॉर्च वर राहिली होती. केबिनमध्ये शिरलो तर थोरलीवर आठवं रीळ फिरत होतं आणि उस्ताद धाकटीवर पुढचं चढवत होते. पायाशी उघडा डबा होता. डब्यावर सात लिहिलेलं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सिनेमात चूक नव्हतीच. शेकोटीचं रीळ आधीचं, नदीचं रीळ नंतरचं. तो आधी संत्रं खातो आणि मग मरतो, जगात सगळीकडं तसंच होत असणार. फक्त आमच्या गावात तो आधी मरत होता आणि मग येऊन शेकोटीला बसत होता. आणि मी अख्ख्या गावाला दिग्दर्शकाची अक्कल काढून दाखवत होतो.

उस्तादांनी मला बघितलं. आधी रीळ नीट बदललं, आवाज जुळवला, मग स्टुलावर बसले. म्हणाले, “माझ्या भावाची बायको हाय ती.”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. धाकटा भाऊ लढाईच्या दिवसांत पलटणीत भरती झाला आणि ब्रह्मदेशाकडं गेला. लग्नाला चार महिने झाले होते. नंतर कागद आला, बेपत्ता. बेपत्ता म्हणजे ना मेला ना जिवंत. लढाई संपली आणि पोलीस अॅक्शनच्या थोडं आधी भावाच्या पलटणीतला एकजण उस्तादांना शोधत केबिनमध्ये आला. खेळ चालू होता. मशिनीच्या आवाजात त्यानं कानाशी तोंड नेऊन सांगितलं की नदी ओलांडताना दोर तुटला, मी डोळ्यांनी बघितलं. तेवढ्यात रीळ संपत आलं. उस्ताद उठले, दुसऱ्या मशिनीवरचं रीळ चालू केलं. वळून बघतात तर तो माणूस निघून गेलेला.

हे त्यांनी घरी सांगितलं नाही. आई होती, तिला सांगायचं धाडस झालं नाही. आणि भावजयीला सांगायचं तर भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि भावजय एकमेकांशी बोलत नाहीत, आमच्याकडं ती चालच नव्हती. समोर आले की तिनं पदर ओढायचा, ह्यांनी नजर फिरवायची. काही सांगायचंच असलं तर आईमार्फत. आई वारली तेव्हा मधला माणूसच गेला. त्यानंतर ती चुलीकडं बघून म्हणायची की पीठ संपलंय, आणि उस्ताद दाराच्या चौकटीला सांगायचे की आणतो. पीठमिठाचं असं चालायचं. नवरा मेला, हे चौकटीला कसं सांगणार?

आईनं मरताना एकच मागितलं होतं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असा विधी आहे. तेवढा पैठणला गंगेवर उरकून घे, पोरगं कुठं तळमळत असंल, असं ती म्हणाली. बारा वर्षं केव्हाच उलटली होती. पण विधी केला की सुनेचं कुंकू जायचं, आणि सून तयार नव्हती. भाऊबंद येऊन तगादा लावायचे, ती आत जाऊन दार लावायची.

अशात तो सिनेमा पहिल्यांदा लागला. तेव्हा मी नव्हतो. गल्लीतल्या बायका गेल्या, त्यांच्याबरोबर ती गेली. उस्तादांनी रिळं बरोबर लावली होती, लावणारच. ती घरी आली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. तीन दिवस अन्नाला शिवली नाही. चौथ्या दिवशी चुलीला म्हणाली की मी त्यांना बघितलं, ते पाण्यात गेले.

“पाण्यात,” उस्ताद मला म्हणाले. “सातांतला नेमका पाण्यात जाणाराच तिनं का धरला? पाण्याचं तिला कुणी सांगितलं? मी एका जिवाला बोललेलो नाय. माझ्या आईला ठाव नव्हतं.”

मशीन चालत होती. समोर झरोक्यातून तो सावळा शिपाई दिसत होता, शेकोटीच्या उजेडात सालीचा एक एक तुकडा काढत. अख्ख्या सिनेमात त्याला एक वाक्य नाही.

ती मरायला टेकली होती म्हणून पुढच्या रविवारी उस्तादांनी शेजारणीकडून निरोप धाडला, एकवार पुन्हा येऊन बघा म्हणावं. आणि आठवं रीळ आधी लावून सातवं मागून लावलं. त्या दिवशी दुपारी ती जेवली. झालं. तेव्हापासून दरसाल.

मी विचारलं, उस्ताद, तो खरंच तुमच्या भावासारखा दिसतो का? त्यांनी झरोक्यातून पडद्याकडं बघितलं. घरात भावाचा एक फोटोसुद्धा नव्हता. मग म्हणाले, “पहिल्यांदा बघितला तवा नव्हता दिसत. भावाचं नाक वेगळं होतं. आता भावाला आठवाया गेलो की ह्योच दिसतोय. भावाचं नाक कसं होतं ते इसरलो मी.”

ते ऐकल्यावर त्या केबिनच्या उकाड्यात मला थंडी वाजली, खोटं कशाला बोलू. मी खाली गेलो आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. ती मोसंबी खात होती.

अशी आणखी सहा-सात वर्षं गेली. दरसाल प्रत जुनी होत गेली, पडद्यावर रेघांचा पाऊस पडायला लागला. तुटलेल्या जागी सांधत सांधत सिनेमा आखूड झाला. तिची शेकोटी मात्र उस्ताद जपायचे, सातव्या रिळाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. मीही टपरीवर चुका सांगणं सोडून दिलं होतं.

मग एका वर्षी पेटीबरोबर चिठ्ठी आली. सिनेमाची मुदत संपली, खेळ झाले की प्रत परत करावी, ती नष्ट करण्यात येईल. उस्तादांनी मला दोनदा वाचायला लावली. त्यांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता. रविवारी सकाळी आले तेव्हा धुतलेला सदरा घातला होता. कात्री माझ्या हातात दिली आणि म्हणाले की आज तू चालव.

मी विचारलं, आधी आठवं ना?

“नाय. डब्यावर लिहिलंय तसं. आज बरोबर लावायचं. उद्या मी मेल्यावर ती कशाच्या भरवशावर बसणार? माझ्या तोंडातून निघत नाय, सिनेमा सांगंल.”

आणि ते जिना उतरले. तीस वर्षांत पहिल्यांदा हॉलमध्ये गेले. बायकांची बाजू वेगळी करणारा जनान्याचा पडदा तोवर कधीच निघाला होता. झरोक्यातून मला दिसलं, ते तिच्या रांगेत शिरले आणि मधे एक खुर्ची सोडून बसले. तिनं पदर ओढून घेतला.

मध्यंतरानंतर मी दोन्ही डबे समोर घेऊन उभा होतो. उस्ताद खालून येऊन थोडेच अडवणार होते, मनात आलं, नेहमीसारखंच लावावं. पण त्यांनी सांगितलं होतं. मी सातवं चढवलं. शेकोटी पेटली, तो संत्रं सोलायला लागला. ती बेसावध होती, पिशवी मांडीवर बंद. तिनं पिशवी उघडलीच नाही. मग आठवं. एकेकजण दोराला धरून पलीकडं गेला, मागं वळून बघत राहिला, दोर तुटला. हॉल हळहळला. तेव्हा तिनं मोसंबी काढली आणि सोलायला घेतली. सोलून झाली. पडद्यावर नववं रीळ, दहावं, अकरावं. कोठार उडालं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. ती सोललेली मोसंबी हातात धरून बसली होती आणि वाट बघत होती.

सिनेमा संपला. मी कार्बन विझवले आणि जिन्यावरून धावतच खाली गेलो. लोक निघून गेले होते, दारं उघडली होती, बाहेरचं ऊन आत आलं होतं. ती दोघं तशीच बसलेली. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि उस्तादांकडं सरळ बघितलं. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली.

“तुमी इथं येऊन बसलाव,” ती म्हणाली. “मंग तिथं त्यांना वर काढाया कोण?”

उस्तादांनी मान वळवून वर केबिनच्या झरोक्याकडं बघितलं. मीही बघितलं. तिथं अंधार होता. तिनं मोसंबी मधल्या खुर्चीवर ठेवली आणि उठून गेली. उस्ताद बसून राहिले. पुढं किती तरी वेळ त्यांना उठवायची माझी हिंमत झाली नाही.

त्या माघात पैठणला विधी झाला. पळसाच्या पानांचा पुतळा केला, उस्तादांनीच अग्नी दिला. तिनं कुंकू पुसलं, पण त्यानंतर चुलीशी बोलायचं सोडलं. जे काय असेल ते ती उस्तादांना तोंडावर सांगायला लागली. उस्ताद त्यानंतर दोन वर्षं होते. पुलावर चपला काढायचे ते शेवटपर्यंत काढत राहिले. मी थेटर बंद पडेपर्यंत मशिनी चालवल्या. तो सिनेमा पुन्हा आला नाही.

तर परवा पुतण्या मला सांगत होता की काका, ही प्रत धुऊन-पुसून चकचकीत केलीय, एक चूक नाही. मी म्हटलं, पुन्हा लाव. त्यानं लावला, आणि बोटानं पुढं कसं न्यायचं, मागं कसं आणायचं ते दाखवलं. मी नदीपर्यंत नेला. दोर तुटला. तो पाण्यात गेला आणि सहा जण काठावर उभे राहून मागं बघायला लागले.

तिथं मी थांबवला आणि बोटानं मागं सारला. पुतण्या म्हणाला, काका, हे बघून झालंय. मी त्याला गप बस म्हटलं. शेकोटी पेटली होती. तो कोरड्या कपड्यांत बसला होता आणि त्यानं संत्रं सोलायला घेतलं होतं.